सोसायटीची परसबाग: वाफे वाटून घ्यावेत की सगळे सामाईक ठेवावेत?

शेवगा_पुणे (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे आणि त्यात परसबागेचा विषय येणार आहे. त्याआधी इथल्या जाणत्या लोकांशी सविस्तर बोलायचं आहे.

पार्किंगच्या मागे, कुंपणभिंतीलगत आमच्याकडे एक लांबट पट्टा आहे. पूर्वेचं ऊन दुपारपर्यंत मिळतं. आधी तिथे बांधकामाचा राडारोडा पडलेला असायचा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. तसं आम्हीही खत करायला लागलो, पण खत न्यायला कोणी येईना. पोती साचू लागली तेव्हा काही जणांनी राडारोडा उचलून तिथेच वाफे केले. मेथी आली, लाल माठ आला, भिंतीवर दोडका चढला. रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ जो मोकळा असेल तो खाली येतो. भाजी निघाली की टेबलावर मांडतो आणि आलेले लोक वाटून घेतात. आजवर एवढाच नियम होता.

आता बाग बरी दिसायला लागल्यावर मागणी आली आहे की पट्टा आखून प्रत्येक घराला एकेक वाफा द्या, पाटी लावा, ज्याचं त्याने पिकवावं. मला हे पटत नाही. घरं चाळीसच्या वर आहेत. वाटणी केली तर एकेका घराच्या वाट्याला पाटाएवढी जागा येईल. त्यात ना दोडक्याचा मांडव होईल, ना शेवगा लागेल. एखादं घर महिनाभर गावी गेलं की त्यांच्या वाफ्यात गवत माजणार, मावा पडणार आणि तो शेजारच्या वाफ्यावर जाणार. किडीला पाटी वाचता येत नाही.

पण खरं कारण वेगळं आहे. रविवारच्या दीड तासात जी माणसं एकमेकांशी बोलतात, ती एरवी लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे जात नाहीत. प्रत्येकाचा वाफा वेगळा झाला की प्रत्येकाची वेळ वेगळी होईल. जो तो आपापल्या सोयीने येऊन पाणी घालून जाईल. मग बाग राहील, पण रविवार राहणार नाही. माझं म्हणणं असं की सामाईक बागेत जागा वाटू नये, वेळ ठरवावी.

डोळ्यासमोर उदाहरण आहे ते मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनचं. तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली. पालेभाज्यांपासून फळझाडांपर्यंत सगळं. झाडं सांभाळणारे लोक किचनमधलेच कर्मचारी होते, आपल्या कामाच्या वेळात वेळ काढणारे. तिथे कोणाच्या नावाची कुंडी नव्हती. त्या पद्धतीचं मूळ श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवारात आहे. कोल्हापूरचे हे गणिताचे प्राध्यापक. पानाला किती ऊन मिळतं याचा हिशेब शेतकऱ्याने स्वतः करावा आणि आपला प्रयोग इतरांना सांगावा, हे त्यांनी लोकांना शिकवलं. दहा गुंठ्यांत पाच जणांचं कुटुंब नीट जगू शकतं अशी त्यांची मांडणी होती. आमच्याकडे तर गुंठाभरही जागा नाही, म्हणून ती तुकड्यांत घालवू नये असं मला वाटतं.

तुमच्याकडे काय पद्धत आहे? कुठे टिकली, कुठे मोडली, मोकळेपणाने लिहा.

---

लेस्टरची_मेथी

धागा अगदी वेळेवर आला. ताई, तुमच्या मताचा आदर आहे, पण मी दुसऱ्या बाजूने लिहितो.

इंग्लंडमध्ये ‘अलॉटमेंट’ ही व्यवस्था वाटलेल्या वाफ्यांवरच शंभर वर्षांहून जास्त टिकली आहे. १९०८ च्या कायद्याने स्थानिक कौन्सिलांवर लोकांना भाजीपाल्यासाठी जमीन देण्याची जबाबदारी टाकली. परंपरेने एक तुकडा म्हणजे दहा रॉड, साधारण २५० चौरस मीटर. दुसऱ्या महायुद्धात अशा तुकड्यांची संख्या चौदा लाखांच्या घरात गेली होती. आज तुकडा मिळायला अनेक गावांत वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

माझा अनुभव असा की स्वतःचा तुकडा असला की माणूस पावसात, थंडीतही जातो. सामाईक असलं की ‘आज बाकीचे बघतील’ असं प्रत्येकाला वाटतं. आणि बोलणं थांबत नाही हो. नळ सामाईक, अवजारांची खोली सामाईक, चहाचं किटली-स्टोव्ह सामाईक. माझ्या एका बाजूला गुजराती आजी आहेत, दुसऱ्या बाजूला जमैकाहून आलेले गृहस्थ. आजींनी मला दुधी प्लास्टिकच्या बोगद्यात कसा वाढवायचा ते शिकवलं, कारण इथला उन्हाळा दुधीला पुरत नाही. मी त्यांना कसुरी मेथीचं बी दिलं. कॉव्हेंट्रीजवळच्या ‘गार्डन ऑरगॅनिक’ या संस्थेने तर बाहेरून आलेल्या लोकांनी या तुकड्यांत रुजवलेल्या पिकांची माहिती आणि बियाणं गोळा करायचा प्रकल्पच केला होता.

मात्र नियम कडक हवेत. तुकडा पडीक ठेवला की आधी नोटीस, नंतर तुकडा रांगेतल्या पुढच्या माणसाला. हे नसेल तर तुमची माव्याची भीती खरी ठरेल.

---

कढीपत्ता

सामाईकच ठेवा. आमच्याकडे कुंड्या वाटल्या, दिवाळीनंतर निम्म्या कुंड्यांत तुळशीसुद्धा उरल्या नाहीत.

---

गच्चीवाला_ठाणे

मी इमारतींच्या संरचनेच्या क्षेत्रात काम करतो. चर्चा जमिनीवरच्या पट्ट्याची आहे, पण असे धागे पुढे हमखास गच्चीवर जातात, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

ज्या गच्चीवर लोक जाऊ शकतात, तिच्यासाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला दीड किलोन्यूटन आहे, म्हणजे ढोबळमानाने १५० किलो. साधी बागेची माती ओली झाली की घनमीटरला सोळाशे-सतराशे किलो भरते. म्हणजे अर्धा फूट मातीचा थर पसरला तरी चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास गेलात. त्यात माणसं, पाण्याच्या टाक्या धरलेल्याच नाहीत. त्यामुळे गच्चीवर मातीचे सलग वाफे करायचे असतील तर संरचना अभियंत्याकडून लेखी घेतल्याशिवाय हात लावू नका. इमारत जुनी असेल तर मुळीच नाही.

मातीऐवजी पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, उसाचं चिपाड, शेणखत असं हलकं मिश्रण वापरलं तर वजन निम्म्यावर येतं. वाफे तुळयांच्या आणि खांबांच्या वर ठेवावेत, स्लॅबच्या मधोमध नाही. आणि वाफ्याचा तळ गच्चीला टेकू देऊ नये. खाली विटा ठेवून मोकळी जागा ठेवा, म्हणजे पाण्याच्या निचऱ्याची वाट दिसते आणि वॉटरप्रूफिंगवर मुळं बसत नाहीत. गळती सुरू झाली की वरच्या मजल्यावरचं घर बागेच्या विरोधात जातं आणि त्यांची काही चूक नसते.

---

शेवगा_पुणे (धागाकर्ती)

@गच्चीवाला, फार उपयोगी. गच्चीचा विषय सभेत निघाला तर हे वाचूनच दाखवीन.

@लेस्टरची_मेथी, २५० चौरस मीटरचा तुकडा असेल तर मीही माझा वाफा मागेन! आमच्याकडे सगळ्या पट्ट्याचंच माप त्याच्या आत आहे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. पण ‘बाकीचे बघतील’ हा तुमचा मुद्दा खरा आहे, आमच्याकडे आठवड्यातल्या पाण्याच्या पाळ्यांत तो रोज दिसतो.

---

अकोलेकर

मी मूळची अकोले तालुक्यातली. आमच्या भागात परसबाग हा शब्द शहरातून आलेला नाही, घराच्या मागचं परसू असतंच. सांडपाणी जातं तिथे अळू, कुडाच्या भिंतीवर वालाचा वेल, कोपऱ्यात शेवगा, मिरचीची चार झाडं, जमलं तर पपई.

कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालचा पद्मश्री जाहीर झाला तेव्हा सगळ्यांनी त्यांना बीजमाता म्हणून ओळखलं. पण त्यांचं काम समजायचं असेल तर परसूच बघायला हवं. घेवड्या-वालाचे कितीतरी प्रकार, भाताचे वाण, रानभाज्या. ही सगळी बियाणं घरोघरच्या परसात जपली जातात, राख लावून मडक्यात ठेवली जातात आणि एकीकडून दुसरीकडे जातात. ‘बाएफ’ या ग्रामीण विकासाच्या संस्थेच्या मदतीने बचतगटातल्या बायकांनी बियाणं बँक उभी केली. बियाणं नेलं की पुढच्या हंगामात त्याच्या दुपटीने परत करायचं, असा या कामातला साधा व्यवहार.

म्हणजे आमच्याकडे जागा घरोघरची वेगळी आणि बियाणं सगळ्यांचं. या धाग्यात मला तीच गोष्ट सुटलेली दिसते. वाफे वाटा किंवा नका वाटू, बियाणं दरवर्षी दुकानातून आणत असाल तर बाग परावलंबीच राहील. संकरित वाणाचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या पिढीत गुण टिकत नाहीत. गावरान वाण आणा. दोडक्याचा एक वेल, भेंडीची दोन झाडं, वालाचा एक मांडव बियाण्यासाठी राखून ठेवा, त्यावरचं काही तोडू नका. शेंगा वेलावरच वाळू द्या.

महिला बचतगटांमध्ये ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण उपजीविका अभियानाने पोषण परसबागा करून घेतल्या, त्यांतही गोल आखणीच्या बागा बऱ्याच दिसतात. मधे आळं आणि भोवती सात वाफे, आठवड्याच्या सात दिवसांना सात. तुमच्या पट्ट्यात गोल बसणार नाही, पण दर दिवसाला एक वाफा तोडायचा ही कल्पना पाळ्यांसाठी घेण्यासारखी आहे. एका वाफ्यावर सगळे तुटून पडत नाहीत.

---

मनःपूर्वक

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. बागकामाने ‘मन प्रसन्न होतं’ हे सगळेच म्हणतात. त्यामागे काय तपासलं गेलं आहे, ते थोडं लिहिते.

नेदरलँड्समध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग आहे. तीस बागकाम करणारे लोक घेतले, आधी त्यांना ताण देणारं काम करायला लावलं, मग निम्म्यांना अर्धा तास आपल्या बागेत काम करायला सांगितलं आणि निम्म्यांना घरात वाचत बसायला. कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, दोन्ही गटांत उतरलं, पण बागेत काम करणाऱ्यांचं जास्त उतरलं आणि त्यांचा मूडही पुरता सावरला. वाचणाऱ्यांचा सावरला नाही.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या डेन्व्हर परिसरातला, २०२३ साली ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये आलेला. २९१ प्रौढांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागलं. एका गटाला लगेच सामुदायिक बागेत जागा, बियाणं, रोपं आणि सुरुवातीचं शिक्षण मिळालं. दुसऱ्याला वर्षभर थांबायला सांगितलं. बाग मिळालेल्यांच्या आहारात तंतुमय पदार्थ दिवसाला सुमारे दीड ग्रॅमने वाढले, रोजची अंगमेहनत काही मिनिटांनी वाढली, ताण आणि चिंता कमी झाली. आकडे लहान आहेत, ते फुगवून सांगू नयेत. पण अशा विषयात चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास दुर्मीळ असतो म्हणून त्याला महत्त्व आहे.

आता तुमच्या वादाकडे. डेन्व्हरच्या लोकांना स्वतःचा वाफा होता, तरी तो सामुदायिक बागेच्या आत होता. लंडनच्या लॅम्बेथ भागात २०१३ पासून दवाखान्यांच्या आवारात भाजीचे वाफे केले गेले. मधुमेह, सांधेदुखी, नैराश्य असे दीर्घ आजार असणारे रुग्ण तिथे एकत्र येऊन भाजी पिकवतात, ते वाफे सामाईक. दोन्ही प्रकारांत माणसांना बरं वाटतं. माझ्या कामात मला जे दिसतं ते असं की खचलेल्या माणसाला ‘जा, बागेत जा’ असं सांगून तो जात नाही. ‘रविवारी आठला मेथी निवडायची आहे, तुमची वाट बघतोय’ असं कोणी म्हटलं की जातो. आपण गेलो नाही तर कोणाच्या तरी लक्षात येईल, हे त्याला कळायला हवं. त्यामुळे वेळ ठरवण्याचा धागाकर्तीचा आग्रह मला योग्य वाटतो. ज्यांना चारचौघांत बोलवत नाही, त्यांना मात्र कोपऱ्यात एकट्याने करण्यासारखं काम हवं. बी निवडणं, रोपांच्या पिशव्या भरणं, खत चाळणं. त्यांना गप्पांत ओढू नका.

आणि एक कळकळीने. बाग हा औषधाला पर्याय नाही. कोणाच्या गोळ्या सुरू असतील तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत, बागेत कितीही बरं वाटलं तरी.

---

तांबडा_माठ

पाण्याचं कोणी बोलतच नाहीये. एप्रिल-मेमध्ये टँकर येतात तेव्हा बागेला पाणी घालणाऱ्याकडे सगळी सोसायटी रागाने बघते. टँकरचं बिल मेंटेनन्समधून जातं, मग बाग न करणाऱ्यांनी का भरावं?

---

शेवगा_पुणे (धागाकर्ती)

@तांबडा_माठ, रास्त प्रश्न. आम्ही असं करतो: मार्च संपला की निम्म्याहून जास्त वाफे झोपवतो. त्यांच्यावर पालापाचोळ्याचा फूटभर ढीग, मधेमधे खत आणि ताकपाणी किंवा जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी). जूनपर्यंत तो ढीग बसतो आणि पावसाळ्याला भुसभुशीत वाफा तयार मिळतो. उरलेल्या वाफ्यांत फक्त माठ, चवळी, गवार. आंब्याच्या सावलीत अळू. ठिबकची साधी नळी टाकली आहे, ती संध्याकाळी उघडतो. वरून आच्छादन असेल तर पाणी फार कमी लागतं, उघडी माती हीच खरी उधळपट्टी.

एसीचं टपकणारं पाणी आम्ही बादल्यांत धरतो. आरओचं टाकाऊ पाणी मात्र रोज एकाच वाफ्याला घालू नका, क्षार साचतात. पावसाळ्यात तो वाफा धुऊन निघतो, पण तोवर पालक पिवळा पडलेला असतो.

गांडूळखत, पावसाचं पाणी जिरवणं, सौरऊर्जा यांसाठी पुणे महापालिका मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत देते. ती सवलत बाग न करणाऱ्यांनाही मिळते. सभेत हे जरूर सांगा.

---

क्वीन्सकर

न्यूयॉर्कहून लिहितोय. इथे सामुदायिक बागांचा इतिहास मोठा आहे. १९७३ साली लिझ ख्रिस्टी या तरुणीने आणि तिच्या सोबत्यांनी मॅनहॅटनमध्ये बाउरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची कचऱ्याने भरलेली मोकळी जागा साफ करून बाग केली. ती आजही आहे. त्यानंतर शहरभर शेकडो बागा झाल्या, बहुतेक पडीक सरकारी भूखंडांवर. १९९९ साली महापौर जुलियानी यांच्या प्रशासनाने त्यांतल्या शंभरावर बागांचे भूखंड लिलावात काढले. लोक रस्त्यावर आले, खटले झाले आणि शेवटी दोन संस्थांनी ते भूखंड विकत घेऊन बागा वाचवल्या. लॉस एंजेलिसमध्ये मात्र बाग वाचली नाही. तिथल्या साउथ सेंट्रलच्या चौदा एकरांवर सुमारे साडेतीनशे कुटुंबं भाजी पिकवत होती, बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली. २००६ च्या जूनमध्ये त्यांना हुसकावून शेतावर बुलडोझर फिरवला.

हे एवढं लांबचं का सांगतोय? कारण तुमचा पट्टा पार्किंगला लागून आहे. दोन वर्षांनी गाड्या वाढतील आणि कमिटी म्हणेल, तिथे आणखी सहा गाड्या बसतात. वाफे वाटावेत की नाही हा वाद त्या दिवशी संपेल. म्हणून सभेत पहिला ठराव जागेचा करा: हा पट्टा अमुक वर्षांसाठी परसबागेसाठी राखीव, बदल करायचा तर सर्वसाधारण सभेतच, कमिटीच्या बैठकीत नाही. इतिवृत्तात लिहून घ्या. बाकी सगळं नंतर.

---

कढीपत्ता

@क्वीन्सकर, हे सोन्यासारखं सांगितलंत. आमच्या कुंड्या गेल्या त्या याच कारणाने, नंतर तिथे दुचाकी लागल्या.

---

भाजीवाली_मावशी

वाचतेय कधीची. चोरीचं काय? आमच्याकडे टोमॅटो लाल व्हायच्या आत गायब. मुलं तोडतात, बाहेरचेही.

---

यॉर्कशायर_पुदिना

@भाजीवाली_मावशी, आमच्या जवळच, इंग्लंडमध्ये, टॉडमॉर्डन नावाचं छोटं गाव आहे. तिथे २००८ पासून लोकांनी उलटाच मार्ग धरला. पॅम वॉरहर्स्ट, मेरी क्लिअर आणि त्यांच्या मैत्रिणींनी गावातल्या सगळ्या सार्वजनिक जागांत भाजी लावायला सुरुवात केली. पोलीस ठाण्यासमोर मका, दवाखान्याच्या आवारात औषधी आणि खाण्याच्या वनस्पती, रेल्वे स्टेशनवर मसाल्याची रोपं. मेरीबाईंनी स्वतःच्या घराची पुढची भिंत उतरवली, गुलाब काढले, भाजी लावली आणि पाटी लावली की हवं ते घेऊन जा. आधी लोक घ्यायला बिचकायचे. घेतलं तर कोणी रागावेल असं वाटायचं. ‘इन्क्रेडिबल एडिबल’ हे त्यांच्या चळवळीचं नाव, पुढे अनेक देशांत गेलं. पगारी माणूस नाही, सरकारी योजना नाही.

सगळीकडे हे जमेल असं मी म्हणणार नाही. पण कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला चार-पाच झाडं सगळ्यांसाठी म्हणून लावा: कढीपत्ता, गवती चहा, ओवा, पुदिना, लिंबू. येणारा-जाणारा तोडून नेईल. वाटेवरच हवं ते मिळत असेल तर आतल्या टोमॅटोकडे हात कमी जातात. आणि मुलांना वाफा द्या. ज्या मुलाने टोमॅटोला काठी बांधली आहे, तो कच्चा टोमॅटो तोडत नाही आणि दुसऱ्यालाही तोडू देत नाही.

---

धुरंधर_दोडका

एक अवघड गोष्ट लिहितो, कोणाला टोचली तर माफ करा, पण लिहायला हवी.

सोसायट्यांच्या बागांचे फोटो छान असतात, पण रोजचं पाणी, गवत, खत उलथणं हे काम शेवटी वॉचमन आणि सफाईच्या मावशींच्या अंगावर येतं. त्यांच्या ठरलेल्या कामात ते नसतं आणि त्याचे पैसेही कोणी देत नाही. आमच्या सोसायटीतले वॉचमन जालन्याकडचे. दुष्काळात विहीर आटली म्हणून शहरात आले. त्यांच्या बायकोला बागेतल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. भुरी कुठल्या पानावर आधी येते, निंबोळी अर्क कधी फवारायचा, कारल्याला फळमाशी लागली की काय करायचं, सगळं. आम्ही मात्र बाहेरून तज्ज्ञ बोलावून कार्यशाळा घेतल्या.

आता आमच्याकडे ठरलं आहे की त्या वहिनी बागेच्या प्रमुख. त्यांना महिन्याचं मानधन आहे आणि भाजीचा पहिला वाटा त्यांच्या घरी जातो. रविवारी त्या सांगतात आणि आम्ही ऐकतो. शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळीची पूड, रात्रभर भिजवून गाळून घ्यायची, हे प्रमाण पुस्तकातही आहे, पण संध्याकाळी ऊन उतरल्यावरच फवारायचं आणि पानाच्या खालून फवारायचं, हे आम्हाला त्यांनी करून दाखवलं.

लंडनच्या स्पिटलफील्ड्स सिटी फार्मवर लुत्फुन हुसेन यांनी बांगलादेशी बायकांसाठी ‘कोरिअँडर क्लब’ सुरू केला. फ्लॅटमध्ये कोंडल्यासारख्या राहणाऱ्या, भाषा न येणाऱ्या बायका तिथे दुधी, कोथिंबीर, लाल माठ लावू लागल्या. तिथे शिकवणाऱ्याही त्याच होत्या. परक्या शहरात आपल्याला काहीतरी उत्तम येतं, हे चारचौघांत दिसणं ही फार मोठी गोष्ट असते. आपल्या इमारतींच्या तळमजल्यावर अशी कितीतरी माणसं राहतात.

---

मनःपूर्वक

@धुरंधर_दोडका, मी वर जे सगळं लिहिलं त्यापेक्षा हे महत्त्वाचं आहे. मनापासून धन्यवाद.

---

अकोलेकर

+१००. वहिनींना माझा नमस्कार सांगा. फळमाशीसाठी त्या कामगंध सापळा वापरतात की गुळाचं पाणी?

---

धुरंधर_दोडका

@अकोलेकर, दोन्ही. शिवाय कीड लागलेली फळं रोज उचलून बंद पिशवीत उन्हात ठेवतात. ती खाली पडू दिली की अळ्या मातीत जाऊन कोष करतात आणि पुन्हा माशी तयार. त्या म्हणतात, निम्मं काम या वेचणीतच होतं.

---

लेस्टरची_मेथी

धागा वाचून माझं मत थोडं सरकलं आहे. शंभर टक्के नाही. मधला रस्ता सुचवतो. जे पीक लवकर येतं आणि लवकर संपतं, मेथी, कोथिंबीर, मुळा, पालक, त्यासाठी छोटे वाफे द्या. पण हक्काने नको, हंगामापुरते, ज्याने मागितले त्याला. चाळीस घरांतली दहा-बाराच मागतील, अनुभव असाच आहे. मांडव, शेवगा, लिंबू, खत आणि रोपवाटिका सामाईक. हंगाम संपला की वाफा परत. पंधरा दिवस कोणी फिरकलं नाही तर वाफा आपोआप सामाईक होईल, नोटीस-बिटीस काही नको.

---

शेवगा_पुणे (धागाकर्ती)

कालच सभा झाली, लगेच लिहिते.

पहिला ठराव @क्वीन्सकर यांनी सांगितला तोच मांडला. पट्टा पाच वर्षांसाठी राखीव, बदल फक्त सर्वसाधारण सभेत. विरोध झाला, पार्किंगचाच मुद्दा निघाला, पण कराच्या सवलतीचं पत्रक पुढे ठेवल्यावर बरेच जण वळले. बहुमताने मंजूर.

वाफ्यांचं @लेस्टरची_मेथी यांच्या मधल्या रस्त्याने ठरलं. मी सामाईकच्या बाजूने बोलले आणि अजूनही माझं मत तेच आहे, पण ज्यांना स्वतःचा वाफा हवा होता त्यांच्यात दोन आजोबा होते. त्यांनी सांगितलं की गाव सुटल्यापासून स्वतः पेरलेलं काही उगवलेलं पाहिलं नाही, आणि ते सगळ्यांच्या वाफ्यात पेरून तसं वाटणार नाही. हे मला आधी कोणी असं सांगितलं नव्हतं. हंगामापुरते वाफे नऊ घरांनी मागितले. भिंतीकडचा सगळा भाग, मांडव आणि खत सामाईक. रविवारची वेळ सगळ्यांना एकच, वाफेवाल्यांनाही. त्यावर मी अडून बसले आणि ते मान्य झालं.

सफाईच्या मावशींशी कमिटी या आठवड्यात बोलणार आहे. बागेचं काम करायचं असेल तर मानधन, नको असेल तर जबरदस्ती नाही. @धुरंधर_दोडका, तुमची पोस्ट सभेत मोठ्याने वाचली.

आता बियाणं. @अकोलेकर, गावरान वालाचं आणि दोडक्याचं बी मिळेल का? पोस्टाने मागवते, खर्च मी देईन. मांडव बांधून तयार आहे.

---

अकोलेकर

@शेवगा_पुणे, वाल नक्की देते, दोन प्रकारचे, पांढऱ्या फुलाचा आणि जांभळ्या फुलाचा. दोडक्याचं बी चुलतीकडे आहे, विचारते. मला खाजगी निरोप पाठवा, पत्ता तिथेच घेते. खर्च नको. पुढच्या वर्षी दुप्पट परत करा, आणि दोन्ही वाल एकमेकांपासून लांब लावा, नाहीतर बी मिसळेल. वाल आत्ता लावलात तर थंडीत शेंगा येतील. बी रात्रभर भिजवू नका, आमच्याकडे कोरडंच टोकतात, फक्त वाफा ओला हवा.